अंगणात जुनी गाडी मांडताय? या चुका टाळा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुवायला काढली आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबताच खाली गळून पडला. बाबांची प्रीमिअर पद्मिनी. इंजिन कधीच बसलं होतं, पण भंगारवाल्याला द्यायला घरात कोणाचं मन होईना. म्हणून कोकणातल्या संगमेश्वरच्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, फणसाखाली ती 'शोभेला राहू दे' असं ठरलं. ती तिथे राहणार कशी, याचा विचार आम्ही केलाच नव्हता. दोनच पावसाळ्यांत तळ गेला.

पुढे ती गाडी नीट उभी केली. देशावरच्या मित्रांच्या शेतघरांवर एक जीप, एक ट्रॅक्टर आणि दोन चेतक स्कूटर मांडायला हातभार लावला. त्यात स्वतः केलेल्या आणि इतरांकडे वारंवार दिसलेल्या चुका इथे मांडतो आहे.

जगू शकणारी गाडी कापू नका

सगळ्यात मोठी चूक कटर हातात घेण्याच्याही आधी होते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या खाजगी दुचाकी-चारचाकींना 'विंटेज' म्हणून नोंदवण्याची सोय जुलै २०२१ पासून आहे. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. म्हणजे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची फियाट किंवा अँबेसेडर, पत्रा शाबूत आणि कागद हातात असतील, तर तिची जागा रस्त्यावर आहे. तिचं छप्पर कापून त्यात झेंडू लावला की ती कायमची संपली. जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एखाद्या चांगल्या मिस्त्रीला आधी दाखवा. त्याने हात टेकले, तरच अंगणाचा विचार करा.

कागद आधी, मग क्रेन

गाडी कायमची निकामी झाली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, जमा करायची असते. हे राहून जातं, आणि नोंदणी वर्षानुवर्षं तुमच्याच नावावर जिवंत राहते. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांचे नवे पर्यावरण नियम लागू झाले आहेत. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात पोहोचवण्याची जबाबदारी त्यांत मालकावर आहे. त्यामुळे गाडी अंगणात ठेवायची इच्छा असेल तर तुमच्या गाडीला काय लागू होतं ते आरटीओत विचारून घ्या, आणि उत्तर लेखी मिळालं तर उत्तमच. भंगारातून सांगाडा विकत घेत असाल तर चासी नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कर्जाचा बोजा असलेली किंवा चोरीची गाडी दारात शोभेला ठेवण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पोट रिकामं न करता उभी करणं

बंद पडलेली गाडी म्हणजे निर्जीव लोखंड, असं आपण धरून चालतो. तिच्यात पेट्रोल असतं, इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, रेडिएटरचं पाणी आणि बॅटरीतलं ॲसिड असतं. हे सगळं आज ना उद्या गळतं, आणि कोकणात जांभ्यातून ते विहिरीपर्यंत जायला वेळ लागत नाही. मांडण्याआधी सगळं काढून घ्या. बॅटरी दुकानदार परत घेतो, जुनं ऑइल गॅरेजवाल्याला देता येतं.

टाकीबद्दल विशेष सांगतो. पेट्रोल काढलेली 'रिकामी' टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण आत राहिलेली वाफ ठिणगीची वाट बघत असते. टाकी आधी उतरवून बाजूला न्या. ती जागेवर असताना गाडीवर वेल्डिंग किंवा कटिंग करू देऊ नका. वेल्डर म्हणेल, 'काही होत नाही, रोजचं आहे.' तरीही नाही म्हणा.

ब्रेकच्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून पॉलिश पेपर ओला करूनच घासा आणि त्या दिवशी मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

जमिनीवर तशीच टेकवणं

आमची चूक ही. मातीवर उभी असलेली गाडी खालून कुजते. वरचा पाऊस पत्र्यावरून ओघळून जातो, पण जमिनीतून उठणारी ओल तळाला चिकटून राहते आणि गाडीखाली ऊन कधी पोचतच नाही.

कोकणात चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला दगड, हाताशी आहे. चिऱ्याचा फूटभर उंच ओटा करा, त्याला एका बाजूला थोडा उतार ठेवा आणि वर खडी पसरा. देशावर काळ्या मातीत हे काम जास्त विचार मागतं. ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वर नुसता काँक्रीटचा थर ओतला तर दोन वर्षांत त्याला तडे जातात. मुरूम लागेपर्यंत खणा, मुरूम आणि खडी थरांनी दाबून भरा आणि मग वर बांधा.

गाडीचं वजन टायरवर ठेवू नका. टायर बसतात, रिंगा मातीला लागतात आणि गाडी एका अंगाला कलते. ॲक्सलखाली दगडी किंवा काँक्रीटचे ठोकळे द्या आणि टायर जमिनीला जेमतेम टेकलेले ठेवा. लांबून गाडी स्वतःच्या चाकांवर उभी वाटते. जीप आणि ट्रॅक्टर या बाबतीत सोपे. जीपला वेगळी चासी असते आणि ट्रॅक्टरचं इंजिन-गिअरबॉक्स हाच त्याचा कणा, त्यामुळे आधार देणं सरळ असतं. पद्मिनी आणि अँबेसेडरला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. तिथे मधल्या तळाला ठोकळा दिला तर तो पत्रा फाडून आत शिरतो. आधार ॲक्सलला आणि दारांखालच्या पेटीसारख्या पट्टीवर, जिथे जॅक लावायची जागा असते तिथेच द्या. ती पट्टी कुजली असेल तर आधी आतून लोखंडी अँगल जोडून घ्या.

अर्धी गाडी जमिनीत पुरायची हौस अनेकांना असते. अमेरिकेत टेक्सासमधल्या अमारिलोजवळ १९७४ साली दहा कॅडिलॅक नाकावर अर्ध्या पुरून उभ्या केल्या, त्यांचे फोटो जगभर फिरतात. पण अमारिलोत वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरीत ३,००० च्या वर. आपल्याकडे पुरलेला भाग पत्रा म्हणून टिकत नाही. दुष्काळी पट्ट्यात मुरमाड जमीन असेल तर करून बघता येईल, कोकणात आणि घाटमाथ्यावर अजिबात नको.

गंज आपोआप थांबेल या भरवशावर राहणं

'गंजाचा थर बसला की तोच आतल्या लोखंडाला राखतो' असं मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं आहे. हे खरं आहे ते तांबं, क्रोमियम मिसळलेल्या विशेष पोलादाबद्दल, जे इमारतींच्या दर्शनी भागाला वापरतात. गाडीचा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा त्या जातीचा नाही. त्याचा गंज ओल धरून ठेवतो आणि आत खात जातो. समुद्र जवळ असेल तर खारा वारा ते काम दुप्पट वेगाने करतो.

मग गंजाचा तो सुंदर तांबूस रंग घालवायचा का? मुळीच नाही. दिसणारा आणि भार पेलणारा, असे गाडीचे दोन भाग मनात पाडा. बॉनेट, मडगार्ड, दारं यांवरचा जुना रंग आणि गंज राहू द्या. सुटा झालेला गंज वायर ब्रशने काढा, धुवा, चैत्र-वैशाखाच्या उन्हात चार-पाच दिवस कडक वाळू द्या आणि वर मॅट पीयू लॅकरचे (चमक नसलेल्या पारदर्शक पॉलियुरेथेनचे) दोन हात द्या. तळ, ॲक्सल, दाराखालची पट्टी यांवर मात्र दयामाया नको. पूर्ण घासून गंज-कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं रसायन), रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर काळा रंग. पट्टीत पाणी निचरण्याची बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजलेली सापडतील. तारेने मोकळी करा. आमच्या गाडीचा तळ जाण्यामागे ओलीइतकंच हेही कारण होतं.

सुट्या गंजावरच लॅकर मारला तर पहिल्याच पावसाळ्यात फोड येऊन पापुद्रे निघतात. काही जण अळशीचं तेल लावतात. देशावरच्या कोरड्या हवेत ते छान दिसतं, कोकणात चिकट राहून बुरशी धरतं. आणि त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा एकेक पसरून वाळवा. जळकं ऑइल पत्र्याला फासायची जुनी सवय मात्र पूर्ण सोडा, ते प्रत्येक सरीबरोबर जमिनीत उतरतं.

साचलेलं पाणी आणि मोकळी भोकं

उघड्या टायरमध्ये दोन वाट्या पाणी राहिलं तरी डेंग्यूच्या डासाला पुरतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि अंडी टायरच्या आतल्या बाजूला कोरडीसुद्धा महिनोन् महिने तग धरतात, पुढच्या पावसाची वाट बघत. टायर वाळूने भरा किंवा तळाला ड्रिलने मोठी भोकं पाडा. हेडलाइटच्या वाट्या, स्टेपनीचा खळगा, डिकीचा तळ सगळीकडे निचरा हवा.

भोकांचा दुसरा प्रश्न सापांचा. सीटच्या काथ्यात उंदीर येतात, उंदरांमागून साप. म्हणून जुन्या गाद्या काढून टाका, सायलेन्सरचं तोंड आणि वायरिंगची भोकं बारीक जाळीने बंद करा. गाडीखालची जागा एक तर झाडू फिरेल इतकी मोकळी ठेवा, नाहीतर दगडांनी पूर्ण बंद करा. पालापाचोळा साठेल अशी अर्धवट उघडी जागा घोणशीला फार आवडते.

मुलं

हे थोडक्यात, पण यात तडजोड नको. अंगणातली गाडी हे मुलांचं घर होणारच. आत अडकून, उन्हात तापलेल्या गाडीत गुदमरून मुलं दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. सगळ्या दारांची आणि डिकीची कुलपं, लॅचसकट, काढून टाका. दार नुसतं ढकलून उघडलं पाहिजे. फुटक्या काचा काढा, कापलेल्या पत्र्याच्या कडा वळवून घ्या. गाडी हलवून बघा. हाताने डुगडुगत असेल तर ती मुलांखालीही डुगडुगेल.

झाडं लावताना

बॉनेटमध्ये थेट माती भरणं ही हमखास दिसणारी चूक. ओली माती पत्र्याला चोवीस तास चिकटते. शिवाय वजन बघा. अर्धा घनमीटर ओली माती म्हणजे नऊशे किलोच्या आसपास, जवळजवळ पद्मिनीच्या स्वतःच्या वजनाइतकी. डिकी त्याने मोडतेच. कुंड्या किंवा ग्रो बॅग विटांवर ठेवा, कोकोपीट जास्त आणि माती कमी वापरा, आणि पाणी गाडीच्या बाहेर पडेल अशी नळी द्या. मधुमालती किंवा बोगनवेल एकाच बाजूने चढवा आणि दर वर्षी छाटा, नाहीतर तीन वर्षांत गाडी दिसेनाशी होते. फटीत उगवलेलं वड-पिंपळाचं रोप दिसताक्षणी उपटा. नारळाखाली आणि फणसाखाली गाडी ठेवू नका. आमच्या पद्मिनीच्या टपावरचा खळगा फणसाचा आहे.

भिंतीवर स्कूटर, आत दिवे

चेतक भिंतीवर टांगायची फॅशन आहे. इंजिनासकट ती शंभर किलोच्या आसपास भरते, आणि इंजिन उजव्या अंगाला असल्याने वजन एकीकडे ओढतं. चार इंची भिंतीच्या खिळ्या-बोल्टवर हा भार नको. इंजिन काढा आणि भार जमिनीवर उतरवणारी लोखंडी चौकट करा. भिंतीने तिला फक्त टेका द्यावा.

हेडलाइट लावायचे असतील तर १२ व्होल्टचे एलईडी, आणि अडॅप्टर घरात. घरची २३० व्होल्टची वायर गाडीच्या बॉडीतून फिरवली आणि तिची कातडी सोलली, तर पावसात सगळी गाडीच करंट मारते.

रंग आणि जागा

कोणतीही पद्मिनी मिळाली की तिला काळी-पिवळी करायची लाट आली आहे, विशेषतः ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्यापासून. गाडी खरंच टॅक्सी असेल तर तो रंग तिचा मान आहे. पण जी गाडी कुणाच्या बाबांनी कर्ज काढून घेतली, जिच्यातून बाळ-बाळंतीण घरी आली, तिला दुसऱ्याच गाडीचा वेश का घालायचा? तिचा उडालेला निळा रंग हीच तिची गोष्ट आहे.

आणि एका अंगणात एकच गाडी. तीन झाल्या की तो भंगारवाडा दिसतो. अंगणाच्या मधोमध, फाटकासमोर नको. थोडी तिरकी, पडवीत बसल्यावर पुढचा दिवा आणि एक बाजू दिसेल अशी ठेवा.

आधीच उभी असलेली गाडी बिघडत असेल तर

दार पूर्वी लागायचं आणि आता घासतं: बॉडी खचते आहे, आधार तपासा, दार घासून पातळ करू नका. ओट्यावर तांबूस ओघळ: वरचा लॅकर सुटला किंवा आत पाणी साचलंय, ओघळ जिथून सुरू होतो तिथे वर शोधा. काळे तेलकट डाग: काहीतरी अजून आत आहे, बहुतेक वेळा गिअर ऑइल. आत कुबट वास: गादी, कार्पेट किंवा उंदराचं घर. रंगाखाली फोड: तेवढाच भाग खरवडून पुन्हा करा, वरून रंग मारू नका.

आम्ही आता मृग लागायच्या आधी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा, असं वर्षातून दोनदा गाडीखाली आडवं होऊन टॉर्चने तळ बघतो. पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचा. टणटण वाजला तर ठीक, बदबद वाजला तर तिथे खडूने खूण करायची आणि दिवाळीच्या सुट्टीत ते काम काढायचं. गेल्या दसऱ्याला हार घालताना दोन खुणा होत्या, दोन्ही मागच्या डाव्या चाकाजवळ.