नाव नंतर, आधी शेजारी बघा

आयटीआय करून लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल प्लांटमध्ये अप्रेंटिस लागलो, तेव्हा पाइप जोडायच्या तुकड्यांपैकी (फिटिंग्ज) एल्बो, टी, सॉकेट, युनियन ओळखता येणं एवढंच माझं भांडवल. पहिल्याच आठवड्यात स्टीम लाइनच्या खाली मुठीएवढा लोखंडी ठोकळा दिसला. थोड्या थोड्या वेळाने टक्‌ असा आवाज. मी धावत गेलो, "काका, व्हॉल्व्ह बिघडलाय!" फिटरकाका उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "त्याच्या आधी काय, नंतर काय, कागदावर काढून आण."

काढलं. आधी व्हॉल्व्ह, मग वाय-स्ट्रेनर (गाळणी), मग ठोकळा, पुढे काच लावलेला तुकडा, शेवटी एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. म्हणजे गाळून आलेलं काहीतरी इथून बाहेर पडतंय, ते काचेतून बघायचंय आणि परत येऊ द्यायचं नाहीये. तो स्टीम ट्रॅप होता. वाफेचं झालेलं पाणी सोडायचं, वाफ अडवायची. टक्‌टक्‌ आतल्या चकतीची. ती चालू म्हणजे ट्रॅप धडधाकट. सारखा खडखडाट किंवा पार गार पडलेला ट्रॅप दिसला, तर मात्र धावा. (गार आहे का हे हाताने बघू नका, टेम्परेचर गन मागा.)

शेजारी बघून झाले, की मग तुकड्याच्या अंगावरचे शिक्के वाचा. रंगाखाली दडलेले असतात, वायर ब्रश मारा. बाण असेल तर तीच प्रवाहाची दिशा. फ्लँजवरचं (पाइप बोल्टने जोडायची कड) १५० म्हणजे थेट दाब नव्हे, क्लास, म्हणजे ताकदीची श्रेणी; साध्या कार्बन स्टीलला गार असताना २० बारच्याही किंचित आतच झेपतं, तापल्यावर आणखी कमी. दोन फ्लँजच्या मधून चकतीचं एक टोक बाहेर डोकावतंय? तो लाइन बंद-चालू करायचा स्पेक्टॅकल ब्लाइंड, आकार चष्म्याचा: एक टोक भोकाचं, एक भरीव. बाहेर भोक दिसलं तर लाइन बंद, बाहेर भरीव दिसली तर चालू. हे उलटं वाटतं, म्हणून दोनदा बघा.

माझी फजिती झाली ती आट्यांत. इंपोर्टेड गेजचा अर्धा इंची एनपीटी (अमेरिकन पद्धतीचा) आटा मी बाजारातल्या बीएसपी (ब्रिटिश पद्धतीच्या) सॉकेटमध्ये बसवला. छान फिरला, घट्टही झाला. हायड्रोटेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीला, पाझरला. टेफ्लॉन टेप वाढवला, तरी पाझरला. दोन्हीकडे इंचाला १४च आटे, पण बीएसपीचा कोन ५५ अंश, टोकं गोलसर. एनपीटीचा ६०, टोकं चपटी. ही फसगत अर्ध्या-पाऊण इंचातच होते. एक इंचाला एकीकडे ११ आणि दुसरीकडे साडेअकरा आटे, तिथे दोन-चार फेऱ्यांतच अडकतं.