लेपा साफ करायचा तर डोकं डावीकडे

कोल्हापूरच्या बाजारात लेपा येतो तो कोकण किनाऱ्यावरून, बर्फात, घाट चढून. पापलेट-सुरमईशेजारी ढिगात पडलेला हा चपटा, मातकट मासा बघून गिऱ्हाईक पुढं सरकतं, कारण तो सोलायचा कसा हे ठाऊक नसतं. तो समुद्रात राहतो कसा एवढं समजून घ्या, सुरी कुठं लावायची ते लगेच उमगेल.

लेपा तळाच्या चिखल-वाळूवर उजव्या कुशीवर पडून असतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू मात्र चारचौघा माशांसारखं उभं पोहतं, दोन बाजूंना दोन डोळे. मग उजवा डोळा हळूहळू डोकं ओलांडून डाव्या बाजूला येतो आणि पिल्लू तळ गाठतं. म्हणून वरची बाजू चिखलाच्या रंगाची, खालची पांढरी. अंगावर गाळ ओढून नुसते डोळे बाहेर ठेवायचे आणि चिखलातले किडे, बारीक कोळंबीसारखे जीव टिपायचे, हा त्याचा दिनक्रम. शास्त्रातलं नाव सायनोग्लॉसस, म्हणजे कुत्र्याची जीभ. आकार अगदी तसाच. पाठीचा आणि पोटाचा पर शेपटीला जाऊन मिळतो, वेगळी शेपटी दिसतच नाही. चपट्या माशाला सुटी शेपटी आणि दात असलेलं मोठं तोंड दिसलं तर तो भाकस, लेपा नव्हे.

घेताना मासा उलटा करून पांढरी बाजू बघा. ती पिवळट पडली असेल, डोक्यामागचा भाग बोटाखाली पिचत असेल, तर घेऊ नका. आतडं तिथंच असतं आणि नासायला सुरुवातही तिथूनच होते. वीतभर लांबीचे अर्धा किलोत साधारण आठ-दहा बसतात.

आता साफसफाई. मासा डोळे वर, डोकं तुमच्या डावीकडे असा ठेवा, म्हणजे पोट तुमच्याकडे येतं. आधी कात्रीनं दोन्ही कडांचे पर मुळापासून कापा. इथं कंजुषी केली तर कडेचे बारीक काटे जेवताना घशाशी येतात. मग कल्ल्यांच्या मागं वरून तिरका काप द्या, पण वरची कातडी आणि काटाच कापायचा, खालची पांढरी कातडी तुटू द्यायची नाही. कापाच्या कडेची मातकट कातडी नखानं उचला, बोटांना जाडं मीठ लावा (नाहीतर ती सटकते) आणि शेपटीकडे सपाट ओढा. वर उचलून ओढली तर मांसही सोबत निघतं. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवून बघा, खवले पॉलिश कागदासारखे लागतात. म्हणूनच ही कातडी ठेवत नाहीत. पांढरी कातडी पातळ असते, तिचे खवले खरवडून ती राहू द्या, तव्यावर मासा तिच्यामुळंच एकसंध राहतो. शेवटी डोकं आतड्यासकट काढा. पोटाच्या कडेनं मागपर्यंत गाभोळी गेलेली दिसली तर ती ठेवा, फार गोड लागते. खाणं चिखलातलं, त्यामुळं पोटाची पोकळी बोटानं चोळून दोन-तीन पाण्यांत धुवा. कचकच राहते ती इथलीच.

पाणी पूर्ण निथळल्यावर अर्धा किलोला दोन चमचे कोकम आगळ, अर्धा चमचा हळद, एक चमचा आलं-लसूण वाटण आणि दीड चमचा कांदा-लसूण मसाला लावून वीस मिनिटं ठेवा. आगळ आणि मसाला दोन्हीत मीठ असतं, म्हणून वरून घालण्याआधी चाखा. आपला मसाला उघडा राहिला की तव्यावर करपून कडू होतो. त्यावर निम्मा रवा आणि निम्मं तांदळाचं पीठ दाबून लावा. बिडाचा तवा चांगला तापवा, मग आच मध्यम करा. पांढरी बाजू आधी खाली, तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. कवच धरण्याआधी उलथनं घातलं की मासा तव्यालाच चिकटून फाटतो. उलटल्यावर दोन-तीन मिनिटं पुरे.

रश्शात घालायचा तर मटणाची सवय बाजूला ठेवा. रस्सा आधी पूर्ण शिजवून घ्या, मासा शेवटी सोडा, चार-पाच मिनिटांत उतरवा. पळी न घालता पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा, नाहीतर ताटात नुसते काटे येतील.