दूध तुटलेली सशाची पिल्लं ठाण्याच्या दमट हवेत कशी जगवायची

आईचं दूध तुटल्यानंतरचे दोन-तीन आठवडे सशाच्या पिल्लासाठी फार नाजूक. काल उड्या मारणारं पिल्लू सकाळी कोपऱ्यात पोट फुगवून बसतं आणि संध्याकाळपर्यंत हाती लागत नाही. दुधापासून पिल्लाच्या पोटात जंतूंना रोखणारी स्निग्धाम्लं तयार होत असतात. दूध थांबलं की तीही थांबतात, आणि जठरातलं आम्ल अजून मोठ्या सशाइतकं तीव्र झालेलं नसतं. तेवढ्या फटीत जंतू आतड्यापर्यंत पोचतात. म्हणून या काळात एका वेळी एकच बदल करायचा, हे पक्कं धरा. दूध तोडलं त्याच दिवशी पिंजरा, खाद्य आणि पाण्याचं भांडंही बदललं, तर पिल्लाला ते झेपत नाही.

घरी पाळायच्या पिल्लांचं दूध ६ आठवडे पूर्ण होण्याआधी तोडू नका, ८ आठवडे मिळाले तर उत्तमच. दुकानात तळहातावर मावणारं ४ आठवड्यांचं पिल्लू गोड दिसतं, पण ते घेऊ नये. तोडताना आईला दुसऱ्या पिंजऱ्यात हलवा आणि पिल्लांना आठवडाभर आहे त्याच जागी एकत्र राहू द्या. सगळ्यात धष्टपुष्ट पिल्लं आधी तोडली आणि बारकी दोन-तीन दिवस आईसोबत ठेवून मग तोडली, तर आईचं दूधही हळूहळू आटतं आणि तिची आचळं सुजत नाहीत.

खाण्यात पहिला मान सुक्या गवताचा. ते दिवसरात्र पुढ्यात असलंच पाहिजे. गवताच्या लांब धाग्यांनी आतडं हलतं राहतं, सतत वाढणारे दातही झिजतात. वाढत्या पिल्लाला वाळवलेला लसूणघास (ल्युसर्न हा चारा) चालतो, त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त असतं. मुरबाड-शहापूरकडून येणारा भाताचा पेंढा अंथरायला छान, पण त्यात पोषण फार कमी, त्यामुळे नुसत्या पेंढ्यावर पिल्लू वाढत नाही. कोणतंही गवत घालण्यापूर्वी मूठभर घेऊन नाकाशी धरा. कुबट वास आला किंवा झटकल्यावर करडी धूळ उडाली तर ती पेंढी बाजूला काढा, कारण ती बुरशी असते.

गोळीखाद्य घेताना पिशवीवरचे आकडे वाचा: प्रथिनं साधारण १६ टक्के, तंतू किमान १४ टक्के, १६ ते १८ असले तर अधिक चांगलं. मध्यम आकाराच्या जातीच्या ६ आठवड्यांच्या पिल्लाला दिवसाला ४० ग्रॅम, ८ आठवड्यांच्या पिल्लाला ६० ग्रॅम पुरे, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून. भांडं भरून ठेवण्याचा मोह टाळा. पिष्टमय खाणं जास्त झालं की ते न पचता पुढे सरकतं, तिथे विष तयार करणारे जंतू माजतात आणि पिल्लू एक-दोन दिवसांत जातं. पोळी, भात, पाव, बिस्किट, पोहे अजिबात नकोत. कोंबडीचं खाद्यही नको. त्यात तंतू कमी असतात आणि मिसळलेली काही औषधं सशाला बाधतात. खाद्याचा ब्रँड बदलायचा झाल्यास आठवडा घ्या: पहिले दोन दिवस तीन भाग जुनं एक भाग नवं, मग अर्धं-अर्धं, मग उलट.

हिरवा पाला उशिरा आणि थोडा. दुधावर असताना पिल्लं आईबरोबर कोथिंबीर किंवा हरळी कुरतडत होती, तर तीच दोन-चार काड्या चालू ठेवा. नवीन पाला एका वेळी एकच, आणि दोन दिवस लेंड्या पाहून मगच पुढचा. वाशीच्या बाजारातून कोबीचा पाला फुकटात मिळाला तरी आणू नका, त्याने पोट फुगतं. पावसात भिजलेलं गवत कापडाने पुसून, सावलीत सुकवून द्या. रस्त्याकडेची घाणेरी, कण्हेर आणि रुई विषारी आहेत.

पाणी कायम हवं, किलोमागे दिवसाला १०० ते १५० मिलिलिटर. पाणी प्यायला पिंजऱ्याला निपल (दाबलं की थेंब येणारी तोटी) लावलं असेल तर रोज बोटाने दाबून पाहा. ते अडकलं की पिल्लू आधी खाणं सोडतं आणि मालकाला वाटतं खाद्यच आवडलं नाही.

लेंड्या ओळखायला शिका

सकाळी ट्रे काढला की आधी लेंड्या बघा. चांगली लेंडी गोल, कोरडी, बोटात चुरडली की आत गवताचे तुकडे दिसतात. याशिवाय ससा मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारख्या चिकटलेल्या लेंड्या टाकतो आणि थेट गुदाशी तोंड नेऊन खातो. ही हगवण नव्हे. त्यातून त्याला ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात, खाऊ द्या. त्या ट्रेमध्ये तशाच पडून राहू लागल्या तर गोळीखाद्य जास्त होतंय, ते कमी करा.

शेपटीखाली ओलं, पातळ किंवा शेंबडासारखं काही दिसलं की थांबायचं नाही. गोळीखाद्य आणि पाला बंद, सुकं गवत आणि पाणी चालू. पिल्लू गार पडतं, म्हणून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १२ तास काही न खाल्लेलं पिल्लूही तितकंच तातडीचं. घरातलं अमॉक्सिसिलिन तोंडाने कधीच देऊ नका, सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरून तो दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं फिप्रोनिलही सशाला घातक. ठाण्यात, ऐरोलीत, नेरुळला कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ, पण ससे तपासणारा डॉक्टर कोण ते पिल्लू आणण्याआधीच फोन करून विचारून ठेवा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर ही खरी परीक्षा. कॉक्सिडिया या परजीवीची अंडी लेंडीतून बाहेर पडतात आणि ऊब व ओल मिळाली की एक ते चार दिवसांत रोग देण्याइतकी तयार होतात. ठाण्याच्या पावसाळ्यात दोन्ही आयतंच मिळतं. म्हणून ट्रे रोज काढा, एक दिवसही चुकवू नका. फिनाईलने ही अंडी मरत नाहीत. आधी सगळं खरवडा, मग उकळतं पाणी ओता, मग पूर्ण कोरडं करा. ऊन नसतं, त्यामुळे दोन ट्रे ठेवा: एक पिंजऱ्याखाली, एक पंख्याखाली वाळत. गवत जमिनीवर न टाकता जाळीच्या टोपलीत अडकवा, म्हणजे ते लेंड्यांनी माखत नाही. पोट मोठं, पाठीचा कणा हाताला टोचणारा, अंगावरचे केस निस्तेज, असं पिल्लू दिसलं की ताज्या लेंड्या डबीत घालून तपासायला न्या. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, अंदाजाने देऊ नका.

पिंजरा गॅलरीत असेल तर पावसाचे शिंतोडे आणि दुपारचं ऊन दोन्ही अडवा, हवा मात्र खेळती ठेवा. पिंजऱ्याच्या उंचीवर नाक नेऊन पाहा. मुताच्या वासाने डोळे चुरचुरले तर पिल्लाची श्वासनलिका त्याहून जास्त सोसते आहे. सर्दी झालेलं पिल्लू नाक पुढच्या पायांनी पुसतं, त्यामुळे पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकट, गुंतलेले दिसतात.

मार्च ते मे आणि ऑक्टोबरात पारा ३० च्या वर गेला की सशाला त्रास सुरू होतो, ३५ ला जीव धोक्यात येतो. त्याला घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांतून जाते. त्यामुळे नुसत्या पंख्याचा उपयोग मर्यादित, आणि आपल्या दमट हवेत कूलरही फारसा गारवा देत नाही. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आडवी ठेवा, कान ओल्या बोटांनी पुसा, पाण्यात बुडवू मात्र नका.

दर तीन दिवसांनी, सकाळी खाद्य घालण्यापूर्वी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला या जातींची पिल्लं दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम भरतात. लागोपाठ दोनदा काटा हलला नाही, तर बाहेरून काही दिसत नसलं तरी आत बिघडलंय.

८ आठवड्यांनी नर-मादी ओळखून घ्या आणि १० ते १२ आठवड्यांच्या दरम्यान वेगळे करा. उशीर झाला तर नर एकमेकांना चावतात आणि माद्या लहान वयात गाभण राहतात.