बचत गटाची वेबसाइट: या चुका टाळा

"सरबत खारट निघालं, पैसे परत करा." पुण्याहून आलेला हा मेसेज वाचून सिंधुदुर्गातल्या एका गटाच्या ताई बुचकळ्यात पडल्या. बाटली होती आगळाची. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला कोकमाचा रस, सोलकढीचा. सरबत साखरेच्या पाकातलं. तिकडे हे पोराटोरांनाही ठाऊक, म्हणून साइटवर कुणी लिहिलंच नव्हतं. नुसतं 'कोकम, ७५० मिली', आणि फोटोत शेजारी सरबताचा पेला!

तेव्हा पहिली चूक, गिऱ्हाईक आपल्याच गावचं आहे असं धरून लिहिणं. पदार्थ काय, खारट की गोड, एका पेल्याला किती चमचे, कुठे ठेवायचा आणि किती दिवस टिकतो, हे सगळं लिहा. निव्वळ वजन आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांकही हवा. ही माहिती फोटोवर छापू नका. मजकूर म्हणून टाइप केलीत तरच गूगलवर शोधणाऱ्याला ती नीट सापडेल.

'सेंद्रिय' हा शब्द सवयीने लावू नका. एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सेंद्रिय मालाच्या सरकारी योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र नसेल तर तो टाळलेलाच बरा. भौगोलिक मानांकनाचंही तसंच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला ते मिळालंय, पण तो शिक्का वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

पैसे बुडतात ते बहुधा कुरिअरमध्ये. अर्धा किलो तळलेले गरे ३० × २० × २० सेंटिमीटरच्या खोक्यात भरा. बरेच कुरिअरवाले या गुणाकाराला ५००० ने भागतात आणि २.४ किलोचं भाडं लावतात. फुगलेल्या पाकिटांतली हवा तुमच्या खर्चाने पुण्याला जाते! म्हणून खोकं आधी ठरवा, दर मग.

साइट अचानक उघडेनाशी झाली तर बनवणाऱ्याला फोन करण्याआधी डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, मुदत पाहा. मी पाहिलेल्या एका गटाचं डोमेन कुणाच्या तरी भाच्याच्या ईमेलवर घेतलेलं. भाचा नोकरीला मुंबईला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या, न उघडलेल्या खात्यात, आणि ऐन मे महिन्यात दुकान बंद. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), पेमेंट खातं हे गटाच्या नावे आणि गटाच्याच ईमेलवर असावं. पासवर्ड निदान दोघींकडे.

ऑर्डर येत नाहीत अशी तक्रार असेल तर आधी ईमेलमधला स्पॅमचा फोल्डर उघडा. साइट रांगत असेल तर फोटो बघा. मोबाइलवरचा ५ एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. २०० केबीपर्यंत आणला तरी आमसुलाचा रंग उडत नाही.

आणि साठा. वळवाच्या सरी आल्या, आमसुलं वाळली नाहीत, तरी साइट आपली ऑर्डरी घेतच राहते. 'संपलं, पुढच्या हंगामात' असं लिहायला लाजू नका. त्याच पानावर व्हॉट्सॲप नंबर मागणारी एक चौकट ठेवा. एप्रिलात नवा माल आला की पहिला मेसेज त्या यादीला.