१९७० ची शेव्हेल एसएस ४५४ : या चुका टाळा

शेव्हेल ही शेव्हरोलेची जुनी अमेरिकन गाडी, एसएस म्हणजे तिचं ‘सुपर स्पोर्ट’ रूप आणि ४५४ म्हणजे इंजिनाचे घनइंच. जुनी घेताना ‘एसएस’चा बिल्ला आणि बॉनेटवरचे दोन रुंद पट्टे बघून पैसे मोजू नका. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १९६६ ते १९६८ मध्ये शेव्हेल एसएस ३९६ हे स्वतंत्र मॉडेल होतं आणि तिचा व्हीआयएन (गाडीवर कोरलेला ओळख क्रमांक) १३८ ने सुरू व्हायचा. १९६९ पासून एसएस नुसतं जादा पैसे भरून मिळणारं पॅकेज झालं. त्यामुळे १९७० च्या व्हीआयएनवरून गाडी अस्सल एसएस आहे की मालिबूलाच (साध्या शेव्हेललाच) नटवलंय, हे कळत नाही. बिल्ले तर बाजारात नवेकोरे मिळतात.

आधी कारखान्याची बिल्डशीट मागा, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी. बऱ्याचदा ती पेट्रोलच्या टाकीवर अडकलेली सापडते. तिच्यावरचे कोड बघा: झेड१५ म्हणजे एसएस ४५४, झेड२५ म्हणजे एसएस ३९६. (त्या वर्षी ३९६ चं इंजिन खरं तर ४०२ घनइंचांचं झालं होतं. शेव्हरोलेने बिल्ला मात्र तोच ठेवला!)

मग इंजिन. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट जागा असते. तिथे सीआरव्ही किंवा सीआरआर दिसलं तर ते ४५० हॉर्सपॉवरचं एलएस६, ४५४ मधलं जास्त ताकदीचं इंजिन. पहिलं मॅन्युअल गिअरचं, दुसरं ऑटोमॅटिकचं. साध्या एलएस५ ची ताकद कागदोपत्री ३६०, आणि किमतीतला फरक प्रचंड, म्हणूनच अक्षरं खोटी ठोकणारे आहेत. शेजारचे आकडे गाडीच्या व्हीआयएनशी जुळवा. टॉर्च तिरपा धरला की कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक सरळ रेघा दिसायला हव्यात. जागा घासून गुळगुळीत केलेली असेल तर विक्रेत्याची गोष्ट कितीही रंगतदार असो, एलएस६ चा भाव देऊ नका.

व्हिनाइलचं छप्पर असेल तर मागच्या काचेच्या कडा बोटाने दाबून बघा. गंज तिथेच लपतो.

गाडी घरी आली की लोक आजच्या गाडीचं ऑइल हिच्यात ओततात. एलएस६ चे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे दट्टे) सपाट बुडाचे, कॅमवर म्हणजे त्यांना ढकलणाऱ्या फिरत्या दांड्यावर थेट घासणारे. कॅटलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून नव्या ऑइलमधलं झिंक-फॉस्फरस कमी केलंय, पण या कॅमला झिजण्यापासून तेच वाचवतं. टकटक वाढली की व्हॉल्व्हची फट जुळवायची, थोड्या दिवसांत पुन्हा तेच. एकाच व्हॉल्व्हची फट सारखी वाढत असेल तर जुळवणं थांबवा आणि कॅम तपासा. झिंक जास्त असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचंच ऑइल घ्या.

चढावर इंजिन खडखडलं तर कार्ब्युरेटरला हात लावू नका. एलएस६ चं मूळ कॉम्प्रेशन ११.२५ ला १ आहे, त्याला पंपावरचं प्रीमियम पेट्रोलही कमी पडतं. पेट्रोलचं ऑक्टेन वाढवा किंवा ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घ्या. सिग्नलला तापत असेल तर नवा रेडिएटर घेण्याआधी पंख्याभोवतीचं कवच जागेवर आहे का बघा. इंजिन उतरवताना ते काढतात आणि परत बसवायचं राहून जातं.

गरम गाडी बंद केल्यावर स्टार्टर जड फिरतो? बॅटरी बदलण्याआधी अर्थिंगची वायर घासून घट्ट करा, आणि एक्झॉस्टलगतच्या स्टार्टरला उष्णतारोधक पत्रा लावा.