पाणी उतरण्याआधीच द्राक्षघडांना पेपर लावा

रात्रीचा गारठा वाढतोय, दुपारचे ऊन चटकतेय आणि ऑक्टोबर छाटणीच्या थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका या पांढऱ्या द्राक्षवाणांच्या बागा मण्यात पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागण्याच्या, तोंडावर आहेत. बाकीची कामे दोन दिवस मागे पडली तरी चालतील. पेपर लावणे, म्हणजे घडाला वर्तमानपत्राची रद्दी गुंडाळणे, मागे टाकू नका.

रात्री पारा ८-१० अंशांखाली, दुपारी ३० च्या आसपास आणि घडावर थेट ऊन असे जुळले की पांढऱ्या वाणाच्या सालीतही लाल रंगद्रव्य तयार होते. मणी गुलाबी पडतो आणि तो परत हिरवा होत नाही. निर्यातीच्या मालातून असे मणी कात्रीने काढावे लागतात, जास्त असतील तर घडच बाजूला पडतो. दरवर्षी पहिला गुलाबी मणी दिसल्यावर रद्दीसाठी धावपळ होते. तोवर वेळ गेलेली असते.

रोज घडातले दहा मणी दाबून पाहा. दोन मऊ लागले, तर पेपर त्याच दिवशी. बांधाकडच्या ओळी आणि पाने विरळ असलेले कोपरे आधी गुलाबी होतात असे दिसते, म्हणून सुरुवात तिथून करा.

आधी भुरी (पांढरी बुरशी) आणि मिलीबग (पिठ्या ढेकूण) तपासा, कारण पेपरच्या आत फवारा पोचत नाही. भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, भर उन्हात नको. दव वाळल्यावरच पेपर गुंडाळून वर स्टेपल करा, खालून हवेला वाट ठेवा. आठवड्याने चार-पाच पेपर उघडून पाहा.

‘गुलाबी घालवणारी’ महागडी टॉनिके दुकानदार गळ्यात मारतात. त्यांवर पैसे घालू नका. रद्दी आणि स्टेपलर पुरे.

शरद, जम्बो, क्रिमसन या रंगीत वाणांना पेपर नको. त्यांना रंगासाठी उजेड हवा, पण मणी ३५ अंशांपुढे तापला की रंग अडतो आणि साल करपते. घडाजवळची एक-दोन जुनी पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढा, पश्चिमेची राखा. सगळी पाने एकाच दिवशी ओरबाडली की सावलीत वाढलेला घड भाजतो. तरीही रंग येत नसेल, तर आधी वेलीवरचे घड मोजा. जास्त भारानेही रंग अडतो.

इतर कामे:
- बगलफुटी (पानांच्या बगलेतले फुटवे) काढणे
- काडीवर १५-१६ पाने राखणे
- थंडीत पहाटे थोडा वेळ ठिबक
- निर्यातीच्या बागेत अ‍ॅनेक्श्चर ५ (द्राक्षासाठी मान्य औषधांची यादी) मधलीच औषधे, फवारणी ते काढणी यांतले ठरलेले दिवस मोजून