किल्ली पुसली म्हणून कुलूप बदलत नाही

नोकरी सोडून स्वतंत्र सायबर सिक्युरिटी कन्सल्टिंग सुरू केलं त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी रात्री अकरानंतर कोड पुश करायची, म्हणजे इंटरनेटवर चढवायची, वेळ आली की अजून पोटात गोळा येतो. लॅपटॉप मिटतो, सकाळी बघतो. कारण २०२३ च्या सप्टेंबरातली एक मंगळवारची रात्र. या धंद्यात येऊ पाहणारी मुलं मला कोणता कोर्स करू, कोणतं सर्टिफिकेट घेऊ असं विचारतात, तेव्हा मला त्या रात्रीचंच सांगावंसं वाटतं. कोर्सचं नंतर बोलू. त्यावर माझी मतं आहेत आणि ती फारशी गोड नाहीत.

माझा साइड प्रोजेक्ट अगदी साधा होता. मामा निफाड तालुक्यात कांदा करतात. लासलगावला आज काय भाव निघाला हे कळायला ते रोज चार जणांना फोन लावायचे. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला: दिवसाचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर उचलायचा, साठवायचा आणि साडेअकराच्या सुमाराला मामांना मेसेज टाकायचा. मामांचं बघून वस्तीवरचे आणखी तीसेक जण जोडले गेले. जेमतेम तीनशे ओळींचा कोड. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, आणि ते पुन्हा सुरू झाल्यावर त्या मेसेजला एकदम किंमत आली. मला वाटलं, हा कोड सगळ्यांसाठी खुला करावा. बायोडेटात दाखवायलाही बरा होता, तेही खरंच.

भाव साठवायला क्लाउडवर जागा लागत होती. स्वतःचं खातं काढायचं म्हणजे कार्ड जोडा, पडताळणी करा, महिन्याला चार-दोनशे रुपये भरा. त्याच सुमाराला मी एका द्राक्ष निर्यातदारांचं काम बघत होतो. त्यांच्या खात्यात बॅकअपसाठी मीच एक ॲक्सेस की, म्हणजे प्रोग्रामला खात्यात शिरू देणारा लांबलचक पासवर्ड, बनवली होती. पुढे तिला किल्लीच म्हणतो. ती माझ्या लॅपटॉपवर होती. तात्पुरती हीच वापरू, पुढच्या आठवड्यात बदलू, असं ठरवलं. त्या पुढच्या आठवड्याला पाच महिने झाले होते. शिवाय बॅकअपला फक्त एका फोल्डरात लिहिण्याची परवानगी पुरते, पण तेवढीच परवानगी बांधून द्यायची म्हणजे अर्धा तास डोकं लावावं लागतं. म्हणून मी किल्लीला सगळेच अधिकार देऊन टाकले होते. ग्राहकाच्या पैशावर माझा छंद चालला होता, आणि याला दुसरं कुठलंही सभ्य नाव नाही.

तर मंगळवारी रात्री पावणेबाराला मी गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, रेपो (प्रोजेक्टचं फोल्डर) सार्वजनिक केला. कौतुकानं फायलींची यादी न्याहाळताना दिसली डॉट-ई-एन-व्ही फाइल, जिच्यात प्रोग्रामची गुपितं ठेवतात. किल्ली आत, उघडीवाघडी. हातपाय गार पडले. फाइल उडवली, गिट-इग्नोअरमध्ये, म्हणजे वगळायच्या फायलींच्या यादीत, तिचं नाव टाकलं, 'साफसफाई' असा संदेश लिहून कमिट केलं (बदलाची नोंद केली), पुश केलं. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. वर शहाणपणा म्हणून ग्राहकाच्या खात्यात नवी किल्ली बनवली आणि बॅकअपच्या सर्व्हरवर ती बसवली. जुनी बंद करायची राहिली, कारण ती बंद केली असती तर सकाळी मामांचा मेसेज गेला नसता, आणि रात्री साडेबाराला प्रोग्राम उघडून बसायचं त्राण नव्हतं. काम फत्ते झालं असं समजून मी झोपलो.

आता जरा रेंगाळतो. तुम्हाला गिट, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, येतं हे मी धरून चाललोय. मलाही येत होतं.

गिटमध्ये फाइल उडवणं म्हणजे खोडणं नव्हे. तुम्ही नवं कमिट करता तेव्हा गिट सांगतं, 'यापुढच्या चित्रात ही फाइल नाही.' मागचं चित्र जसंच्या तसं असतं, तो तर गिटचा धर्मच आहे. जुन्या कमिटचा चाळीस अक्षरी हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, ज्याच्या हाती लागेल, त्याला ती फाइल दिसते. हॅशही लागत नाही म्हणा, इतिहास उघडून 'साफसफाई' या कमिटवर टिचकी मारली की लाल रंगात उडवलेल्या ओळी समोर येतात. माझी किल्ली मी लपवली नव्हती, तिच्याभोवती लाल वर्तुळ काढून ठेवलं होतं. चोराला शोधायला सोपं जावं म्हणून कमिटचा संदेशही चपखल लिहिला होता.

गिट-इग्नोअरचंही तेच. ज्या फायली गिटनं अजून हाती घेतलेल्या नाहीत त्यांच्यापुरतंच ते चालतं. एकदा फाइल गिटच्या पोथीत चढली की इग्नोअरमध्ये तिचं नाव शंभरदा लिहा, गिट तिच्यावर नजर ठेवतच राहणार. कॅश्ड हा पर्याय देऊन गिट आर-एम ही आज्ञा चालवली तर ती पुढच्यापुरती उतरते. मागचा इतिहास तरीही शाबूत.

मग कोणी म्हणेल, इतिहासच पुन्हा लिहू, त्यासाठीचं फिल्टर-रेपो हे साधन वापरू. वापरा, हरकत नाही. पण तोवर कोणी फोर्क केलं असेल, क्लोन केलं असेल, तर ती प्रत तुमच्या हातात नाही. आणि सार्वजनिक कमिट चाळत बसणारी माणसं नसतात, प्रोग्राम असतात. ते जेवायला उठत नाहीत, झोपत नाहीत. पाच मिनिटं हा आपला हिशेब झाला. त्यांच्यासाठी तो उभा दिवस आहे.

आणि माझी खरी घोडचूक याच्याही पुढची. नवी किल्ली घडवली की जुनी मेली, असं मी गृहीत धरलं नव्हतं, मला माहीत होतं की ती जिवंत आहे. पण फाइल डोळ्यांआड झाली होती, म्हणून धोकाही डोळ्यांआड झाला. घराची किल्ली रस्त्यावर पडली तर आपण रस्ता झाडत बसत नाही, कुलूप बदलतो. मी रस्ता झाडला, दुसरी किल्ली करून खिशात टाकली आणि कुलूप तेच ठेवलं.

गुरुवारी सकाळी क्लाउड कंपनीचा इशारा मेलमध्ये पडलेला दिसला. तो आदल्या दिवशीचाच होता, पण खात्याचा मेल ज्या डब्यात जायचा तो आम्ही दोघंही उघडत नव्हतो. लॉगइन केलं, मुंबई रीजनमध्ये, म्हणजे कंपनीच्या मुंबईतल्या सर्व्हरकेंद्रांत, पाहिलं, आमचे दोनच सर्व्हर दिसले. मी सुटकेचा नि:श्वास टाकला. नंतर लक्षात आलं की त्या पडद्यावर एका वेळी एकाच रीजनचे सर्व्हर दिसतात. एकेक रीजन उघडत गेलो तसे ते सापडत गेले: साओ पावलो, टोकियो, ओरेगॉन. महागातले महाग जीपीयू (प्रचंड आकडेमोड करणारे) सर्व्हर, कोणाच्या तरी क्रिप्टो नाण्यांची खाणकामं करत धडधडत होते. बिलाचा आकडा २ लाख ४० हजारांच्या पुढे गेला होता. खर्चाची मर्यादा लावली होती हो, पण ती मर्यादा नव्हतीच, ती नुसती घंटा होती. ओलांडली की कळवते, थांबवत नाही. तीही हिशेब मागाहून आल्यावर.

नऊ वाजता जुनी किल्ली बंद केली. मग ग्राहकाला फोन. तो करण्याआधी मी अंगणात वीस मिनिटं फेऱ्या मारल्या, हे लपवत नाही. कारण सांगण्याजोगी एक खोटी गोष्ट तयार होती: 'भाऊ, खात्यावर सायबर हल्ला झालाय.' शब्दशः खरीच होती. पण उद्या लॉग, म्हणजे खात्यात कोणी काय केलं त्याच्या नोंदी, कोणी वाचले असते तर माझा धंदा त्याच दिवशी बसला असता. म्हटलं, "भाऊ, चूक माझी आहे. तुमची किल्ली मी माझ्या खासगी कामाला वापरली आणि ती उघड्यावर पडली."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैशाचं बघू. आधी मला सांगा, आमच्या आणखी किती किल्ल्या तुमच्याकडे आहेत?"

मला उत्तर देता आलं नाही. ईमेलचा ॲडमिन पासवर्ड, डोमेनचं खातं, अकाउंटिंगच्या सर्व्हरचा प्रवेश, एसएमएसवाल्याची किल्ली... यादी कुठेच नव्हती. काही माझ्या डोक्यात, काही व्हॉट्सॲपवर, एक तर वहीच्या मागच्या पानावर. शिक्का लावून मी सिक्युरिटी कन्सल्टंट होतो, आणि हा प्रश्न मला द्राक्षं विकणाऱ्या माणसानं विचारला. पुढे क्लाउड कंपनीनं बराचसा खर्च माफ केला, उरलेले ३८ हजार मी भरले. ग्राहक टिकला. तुमचा टिकेलच असं मात्र समजू नका.

त्यामुळे आता माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी मी एवढंच सांगतो. गुपित उघडं पडलं असं नुसतं वाटलं तरी ते मेलं समजायचं. आधी बंद करायचं, मग बाकीचं. काय मोडेल याची भीती वाटते, ती साहजिक आहे. मोडू दे. जे मोडेल त्यावरून ती किल्ली कुठे कुठे वापरात होती ते कळतं. त्यानंतर लॉग वाचायचे, सगळे रीजन बघायचे, चोरानं स्वतःसाठी नवा युजर किंवा नवी किल्ली बनवून ठेवलीय का ते शोधायचं. माझ्या वेळी चोरानं ठेवली होती. गिटचा इतिहास धुणं सगळ्यात शेवटी. आणि तुमचा ग्राहक एखादी कंपनी असेल तर सर्ट-इनचे, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. मला हे ऐकून ठाऊक होतं, त्या दिवशी मात्र फॉर्म शोधण्यातच तासभर गेला. आज शांतपणे शोधून ठेवा.

गिटहब २०२४ पासून सार्वजनिक रेपोंमध्ये ओळखीच्या साच्याच्या किल्ल्या पुश होण्याआधीच अडवतं. चांगली सोय आहे. पण तुमच्या डेटाबेसचा पासवर्ड तुमच्या गावाचं नाव आणि १२३ असा असेल, तर त्याला कुठला साचा? त्या भरवशावर राहू नका. हल्ली एआय कोड लिहून देतं, तेही फार हौशीनं किल्ली थेट कोडमध्ये बसवून देतं. मी स्वतः वापरतो, त्यामुळे वापरू नका म्हणणार नाही. पण दुसऱ्यानं लिहिलेल्या ओळीखाली सही तुमची असते.

आता कोर्सचं. 'तीस दिवसांत एथिकल हॅकर' विकणाऱ्यांबद्दल माझं मत असं की ते एक गोष्ट खरंच शिकवतात, विकायचं कसं. नोकरीच्या चाळणीतून जायला सर्टिफिकेट लागतं हे मान्य, घ्या. पण आधी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे, ती पूर्ण करा. ओव्हरदवायर साइटवरचा बॅंडिट हा सरावाचा खेळ खेळा. ओवास्प या संस्थेच्या, वेबसाइटमधल्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत पहिला नंबर फुटक्या ॲक्सेस कंट्रोलचा आहे, म्हणजे ज्याला जे दिसायला नको ते दिसणं. त्यात झगमगाट काही नाही, पण रोजची भाकरी त्यातूनच निघते.

गुरू म्हणाल तर मला चांगला मिळाला आणि मी त्याला तेव्हा ओळखलं नाही. पहिल्या नोकरीतला एक सिस्टिम ॲडमिन होता. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचा नाही, म्हणायचा, "लॉग काय म्हणतोय?" मला तो खडूस वाटायचा. अशी माणसं धरून ठेवा. उत्तरं तयार घेऊन फिरणाऱ्या गुरूंपासून, विशेषतः टेलिग्रामवरच्या, चार हात लांब राहा.

एक गोष्ट मात्र घाईनं का होईना सांगतो, कारण इथे माफी नसते. शिकायच्या उत्साहात दुसऱ्याच्या साइटवर हात चालवू नका. पत्त्यातला आकडा बदलून दुसऱ्याचं बिल दिसतंय का एवढंच बघितलं, असं म्हणून सुटता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ आहेत, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आधी लेखी परवानगी हवी, तीत तारखा आणि कोणत्या यंत्रणा ते नमूद केलेलं. तोंडी 'बघा हो जरा' ही परवानगी नव्हे, मग ते सांगणारा सख्खा मेहुणा का असेना.

एवढं वाचून साइड प्रोजेक्टच नको असं वाटत असेल, तर तसं करू नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीत कोणी तरी चोरदरवाजा घुसवला होता, तो जगभरच्या लिनक्स सर्व्हरांत पोचायच्या बेतात होता. तो सापडला आंद्रेस फ्रॉइंडला. हा पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेव्हलपर, सिक्युरिटीवाला नव्हेच. एसएसएच लॉगइनला (दुरून सर्व्हरमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं आणि तो त्याच्या मागे लागला. हे खटकणं स्वतःचं काही तरी बनवून, चालवून, मोडून येतं. माझं थोडंफार जे आहे ते त्या कांद्याच्या तीनशे ओळींनी आलंय. फक्त खातं स्वतःचं काढा, कार्ड स्वतःचं लावा. चार-दोनशे रुपयांचा प्रश्न आहे.

त्या गुरुवारी जुनी किल्ली बंद केल्यावर मी लॉग वाचत बसलो होतो. ती खरोखर मेली का, आणखी कुठे जिवंत आहे का, याची धास्ती होती. बारा वाजून गेले आणि मामांचा फोन आला.

"का रे, लासलगाव परत बंद पडलं काय? आज भावच आला नाही."